आत्या, ‘उरलेले’ मी काढले नाहीत

आत्या,

आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुझी बाजू तू पूर्ण मांडली होतीस, नेहमीसारखी मोठ्या आवाजात, तव्यावरची भाकरी उलटायचं विसरून. माझी बाजू ‘पण’ या शब्दापाशी थांबली होती. ती आज पूर्ण सांगते. तुला मध्येच बोलता येणार नाही. असा फायदा मला तुझ्यापुढे कधी मिळाला नव्हता, आणि आता मिळाला त्याचा जराही आनंद नाही.

तू गेल्यावर मोहोपाड्यात तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडप कमी पडला. वंदना झाल्यावर एकेक जण माइकपाशी येऊन बोलला. कोणी तुला समाजसेविका म्हणालं, कोणी रणरागिणी. तू तिथे असतीस तर कपाळावर हात मारला असतास. मी मागच्या रांगेत बसून माणसं बघत होते. बरेच चेहरे मला अनोळखी होते, पण नाव कानावर पडलं की रक्तगट आठवायचा. शेलूचे भोईर, एबी पॉझिटिव्ह. दांडफाट्याची पार्लरवाली, ए निगेटिव्ह. या माणसांना मी कधी भेटले नव्हते, फक्त त्यांना रकान्यांत बसवलं होतं. मलाही बोलायला बोलावलं, तेव्हा मी मान हलवून नकार दिला. तू असतीस तर हाताला धरून उठवलं असतंस.

हे तुझ्यासाठी लिहितेय, पण वाचणारे आणखीही असतील. म्हणून तुला ठाऊक असलेलं थोडं त्यांच्यासाठी सांगते.

तुझ्या दिराला जुन्या हायवेवर खालापूरजवळ गाडीने उडवलं, तेव्हा रक्तासाठी तू अख्खा दिवस फोन करत बसली होतीस. दीर वाचला. पण ‘एवढी माणसं वळकीची, आन् कुणाचं रक्त काय हाय ते म्हाईतच नाय’ हे तुझ्या डोक्यातून गेलं नाही. केमिकल कंपनीत तू कॉम्प्युटर ऑपरेटर होतीस. दुसरी बाई वही घेऊन बसली असती, तू स्प्रेडशीट उघडलीस. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतले रक्तदाते: नाव, गाव, फोन, रक्तगट आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. सगळा जीव त्या तारखेत. पुरुषाने एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही, बाईला चार महिने. तुला फोन यायचा, ‘ताई, ओ निगेटिव्ह हाय का कुणी?’, आणि तू गट निवडून, तारीख बघून, तीन नावं सांगायचीस. तुझं स्वतःचं नाव मात्र त्या यादीत कधीच आलं नाही. हिमोग्लोबिन वर चढेचना. दर शिबिरात तू बोट पुढे करायचीस, सुई टोचून घ्यायचीस आणि परत पाठवलं की चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहायचीस.

कॉलेज संपल्यावर मी घरून डेटा एंट्रीचं काम करत होते. माणसांशी बोलावं लागत नाही म्हणून ते मला आवडायचं. तुला हे कळलं होतं. ‘शनवारी ये स्कूटीवर,’ तू म्हणालीस, ‘तुज्याजोगं काम हाय. तोंड उघडायचं नाय, डोकं उघडायचं.’ मी शेलूहून कर्जत-चौक रस्त्याने आले, आणि तू मला ती यादी दाखवलीस. यादी कसली! लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले मेसेज तू जसेच्या तसे चिकटवले होते. एका चौकोनात नाव, गाव, गट, फोन, तारीख, कोणाच्या मुलाचा रक्तगट, कोणाचं ‘शुभ सकाळ’.

मी जागा दिसेल तिथे तोडायला गेले. कोणाचं आडनाव रक्तगटाच्या रकान्यात जाऊन बसलं, कोणाचं गाव फोन नंबरात. तू चष्मा वर सरकवलास.

‘फुडून नको तोडू गं. मागून सोल. फोनला दहा आकडे असतात, त्यो पहिला उचल. मग गट उचल, त्याचे आठच प्रकार. मग तारीख. ऱ्हायलं ते नाव-गाव.’

मग तू मला रेग्युलर एक्स्प्रेशन शिकवलंस, मजकुरातून ठरावीक आकाराचा तुकडा शोधून उचलायची खूण. तू त्याला ‘साचा’ म्हणायचीस. कंपनीत एका गुजराती इंजिनीअरकडून तू ते शिकली होतीस आणि त्याला बदल्यात सुकट करायला शिकवलं होतंस, असं तू सांगायचीस. पहिला साचा तू माझ्यासमोर लिहिलास: (\d+)/(\d+)/(\d+). ‘ह्यो डी म्हंजे कुठलाबी आकडा. अधिकचं चिन्ह म्हंजे एक नायतर जास्त. कंस म्हंजे मूठ. तीन मुठी, मधी तिरक्या रेघा. एका मुठीत दिवस, दुसरीत महिना, तिसरीत वर्ष. पकडलंस? आता पायजे त्या क्रमानं सोड.’ तू वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलंस आणि एंटर मारलास. अख्खा रकाना एका झटक्यात शिस्तीत उभा राहिला. इंग्रजी शाळेत मला बारा वर्षं कोणी असं काही दाखवलं नव्हतं. मी लगेच पुढचा रकाना निवडला. पण तू माझ्याकडे बघून हसलीस, म्हणजे चेहऱ्यावर दिसलं असणार.

तुझ्या चुका तू कधी लपवल्या नाहीस. ओ पॉझिटिव्ह वेगळे काढायला एकदा तू साच्यात सरळ O+ लिहिलंस. अधिकचं चिन्ह म्हणजे ‘एक किंवा जास्त’ हे तूच मला शिकवलं होतंस, आणि तूच विसरलीस. साच्याने जिथे ओ दिसला तिथे पकडलं. ओ निगेटिव्हवालेही पॉझिटिव्ह झाले. चौक गावच्या एका मास्तरांना तू फोन केलास, तर ते म्हणाले, ‘ताई, मी पॉझिटिव्ह कधी झालो? बायको तर सांगते मी सगळ्यातच निगेटिव्ह.’ पुढच्या शिबिरात तू हा किस्सा स्वतः माइकवरून सांगितलास. रक्तपेढी तपासूनच घेते, म्हणून कोणाचं वाईट झालं नाही. पण चुकीच्या माणसाला बोलावण्यात वेळ जातो, आणि तिथे वेळच नसतो. त्यानंतर अधिकच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घालायची, म्हणजे ते साधं चिन्ह होतं, हे मला तू जेवणाच्या ताटावरसुद्धा विचारायचीस.

आणि एकदा मी तुला शिकवलं. तेही सांगते, कारण तुझ्यामागे ते सांगणारं दुसरं कोणी नाही. मराठी आकड्यांत लिहिलेल्या तारखा साच्यात येतच नव्हत्या. तुझा डी फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता. तू त्या एकेक करून हाताने टाइप करायचीस आणि मला चिडवायचीस, ‘इंग्लिश मिडियम, ह्यो आकडा पाच का सहा?’ मला खरंच थांबून बघावं लागायचं. एका शनिवारी मी साच्यात डीच्या जागी चौकोनी कंस घातला, आत शून्य ते नऊ, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. मग प्रत्येक मराठी आकड्याच्या जागी इंग्रजी आकडा बदलून घेतला. रकाना भरला. तू तो वरपासून खालपर्यंत तपासलास. मग उठून चहा ठेवलास, आणि साखर माझ्या आवडीची टाकलीस, तुझ्या नाही.

आता भांडणाकडे येते.

कुठल्याही साच्यात न बसणाऱ्या ओळी मी खाली एका वेगळ्या पानावर टाकत होते. त्या पानाला मी ‘उरलेले’ नाव दिलं होतं. तिथे दोन तऱ्हेच्या तारखा होत्या; वर्ष मेसेज कधी आला त्यावरून कळायचं. एक, ०५/०३ सारख्या. ती पाच मार्च की तीन मे? आपण दिवस आधी लिहितो, पण कोणाच्या फोनने महिना आधी लिहिलेला असायचा. दुसऱ्या तऱ्हेत आकडाच नव्हता. ‘जत्रेच्या दुसऱ्या दिवशी.’ ‘साखरचौथीला, गणपती बसायच्या आधी’, म्हणजे पितृपक्षातल्या चतुर्थीला, इकडे काही घरांत तेव्हा गणपती बसतो. ‘जयंतीला’, म्हणजे आपल्याकडे चौदा एप्रिल, पलीकडच्या आळीत हनुमान जयंती. ‘भावाच्या हळदीला.’

तू म्हणालीस, ‘काढ ती सगळी.’

मी म्हणाले, ‘पण...’

‘पण नाय नि बिण नाय. तारीक कळत नसंल तर त्यो मानूस यादीत असून नसल्यासारका.’

तुझं कारण मला माहीत होतं. कशेळ्याच्या एका माणसाला तू अशाच धूसर तारखेवर बोलावलं होतंस. तो काम टाकून बाइकवर आला. रक्तपेढीत कळलं की गेल्याच महिन्यात त्याने रक्त दिलंय. त्याला परत पाठवलं, आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत पेशंटची आई बाकावर बसून तुझ्याकडे बघत होती. ‘शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं,’ तू मला सांगितलंस. ‘नुसती बघत व्हती.’ त्या दिवसापासून नियम झाला: शंका आली की ओळ बाहेर. तू ओळी पुसल्या नाहीस, एवढं खरं. पण त्या पानावरून तू कोणाला कधी फोनही केला नाहीस.

मी ते पान वाचत राहायचे. आकड्यांत तारीख न लिहिणारे कोण होते? हायवेवरचे गॅरेजवाले, वीटभट्टीवरचे, डोंगराकडच्या वाड्यांतले, आणि बायका. बायका तर पुष्कळ. निगेटिव्ह गटातलेही त्यात होते, जे आपल्याला सहसा मिळत नाहीत. मला हे दिसत होतं आणि तुला सांगायचं होतं. त्या दुपारी भाकरी करपली, तू तवा उतरवलास आणि विषय बदललास. पुढच्या शनिवारी बोलू, असं मी ठरवलं. त्या शनिवारी मोहोपाड्याला आले ती तुला शेवटचं बघायला.

पुण्यानुमोदन झाल्यावर मंडप सोडवत असताना संदेशदादा माझ्यापाशी आला. तुझा संदेश, माझ्यासारखाच तुला आत्या म्हणणारा, जो टेंपो चालवतो आणि शिबिरांच्या खुर्च्या फुकट वाहतो.

‘मयू, यादी आता तुझ्याकडंच ना?’

‘हो.’

‘रविवारी शिबिराची पोरं जमतील. सगळ्यांच्या फोनवर टाकून दे. फोन आता आमी आळीपाळीनं उचलू. फक्त ते खालचं पान काढून दे हा. आत्यांनी सांगितलंवतं, कचरा नको म्हणून.’

‘त्यांनी कचरा म्हटलं नव्हतं.’

‘बरं, जे काय म्हटलं असंल. नियम त्यांचा हाय, माझा नाय. आता त्या नसताना कोण मोडणार?’

यादी वाटली गेली की ते पान कायमचं गेलं. कोणी परत विचारायला येणार नव्हतं, कारण तिथे नाव आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ‘मी बघते,’ एवढंच मी म्हणाले. तो हसला. माझं ‘मी बघते’ म्हणजे काय ते त्याला कळलं नव्हतं. तुला कळलं असतं.

घरी येऊन मी यादी उघडली आणि तुझ्या नियमाशी भांडायला बसले. आधी मी स्वतःला विचारलं, तुला नेमकी भीती कशाची होती? चुकीच्या तारखेची नाही. रक्त देऊन थोडेच दिवस झालेल्या माणसाला बोलावण्याची. मग ०५/०३ चं उत्तर सोपं होतं, आत्या. पाच मार्च की तीन मे हे मला कळायची गरजच नाही. दोन्हींतली नंतरची धरायची. तीन मे धरून चार महिने मोजले, तर खरी तारीख मार्चची असली तरी बिघडत नाही, माणूस जरा जास्त थांबला इतकंच. लवकर तो कधीच बोलावला जाणार नाही. नंतरची तारीख अजून उजाडलेलीच नसेल, तर ती अर्थातच खोटी, कारण उद्याचं रक्त कोणी काल देऊन ठेवत नाही. आणि दोन्ही तारखा जुन्या असतील, तर शंका कसली? ती केव्हाच संपलेली. तू ज्या ओळी शंकेसाठी बाहेर ठेवल्या होत्यास, त्यांतल्या बहुतेकांची शंका तिथे पडल्या पडल्याच मिटून गेली होती.

मी दोन्ही आकडे दोन मुठींत पकडले, दोन्ही क्रमांनी तारीख केली, नंतरची ठेवली, एंटर मारला. पानाचा मोठा भाग रिकामा झाला. त्या वेळी मी पहिल्यांदा रडले.

मग जत्रा. साचा लिहिला: गाव, पुढे ‘जत्रा’, पुढे ‘आदल्या’ किंवा ‘दुसऱ्या’. पण कुठल्या गावाची जत्रा कधी असते हे मला कुठे माहीत? मी शेलूच्या बिल्डिंगीत वाढलेली. कॅलेंडरात साखरचौथ सापडली, गावाच्या जत्रा सापडेनात. म्हणून मी संदेशदादाला फोन केला. हो, फोन. मेसेज नाही.

‘दादा, कुंभिवलीची जत्रा कधी असते?’

‘पाळण्यात बसायचंय?’

‘तारीख हवीय. आणि चौकची. आणि तू पाळण्यांचं सामान नेतोस त्या सगळ्या गावांची.’

‘त्या पानासाठी ना?’

‘हो.’

‘आत्या ओरडल्या असत्या.’

‘ओरडली असती. मग तिने चहा ठेवला असता.’

त्याने टेंपो बाजूला लावला, इंजिन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मग तो एकेक गाव सांगत गेला, कुठली चैत्रात, कुठली पौर्णिमेला, कुठली होळी झाल्यावर. मध्येच म्हणाला, ‘ह्या गावात दोन व्हतात बरं का, वरच्या आळीची येगळी. त्यांचं पटत नाय.’ अशा ठिकाणी मी नंतरची धरली. नियम तोच.

‘भावाच्या हळदीला’ आणि ‘जयंतीला’ यांना कुठलाच साचा बसला नाही. त्यांना मी फोन केले. पहिल्या दोन-तीन फोनना काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं, मग कागद लागला नाही. एका बाईने हळदीची तारीख सांगायला नवऱ्याला उठवलं, आणि त्या दोघांत जे भांडण लागलं ते मी पूर्ण ऐकलं. रविवारी मी पोरांना एकच पान दिलं. खाली दुसरं पान नव्हतं, कारण त्यात कोणी उरलं नव्हतं. नंतरची तारीख का धरायची, हे मी उभं राहून सगळ्यांना समजावलं. संदेशदादा शेवटी म्हणाला, ‘मंजे नियम आत्यांचाच, फक्त मानसं जास्त.’ मला ते बरोबर वाटलं.

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला मी हे सगळं लिहिलं.

परवा दुपारी कर्जतला एका बाळंतिणीसाठी बी निगेटिव्ह हवं होतं. त्या दिवशी फोन उचलायची पाळी माझी होती. यादीत आधीपासून असलेले दोघे मिळाले नाहीत. तिसरं नाव ‘उरलेले’मधून आलेलं: कुंभिवलीचा दिनेश, हायवेवर पंक्चर काढणारा. त्याची तारीख होती ‘जत्रेच्या दुसऱ्या दिवशी’. ती जत्रा होऊन वर्ष उलटलं होतं. मी फोन लावला. तो ऐकून घेऊन फक्त ‘येतो’ म्हणाला. रक्तपेढीत मी त्याच्याआधी पोहोचले. तो आला, हाताचं ग्रीस कोपरापर्यंत घासून काढलेलं, कानाशी राहिलेलं. तपासणीत सगळं ठीक निघालं, त्याने रक्त दिलं, आणि बाहेर बाकावर चहा-बिस्किट घेऊन माझ्याशेजारी बसला.

‘यादी करनाऱ्या त्या ताई, त्या गेल्या ना?’ त्याने विचारलं.

‘हो. माझी आत्या.’

‘चांगल्या व्हत्या. शिबिरात नाव लिवून घेतलं माझं. म्हनाल्या, बी निगेटिव्ह म्हंजे सोनं, फोन करीन.’ तो चहाकडे बघत होता. ‘पन केलाच नाय कधी. शेजारच्या गॅरेजवाल्याला दोनदा आला. मला वाटलं, आपलं रक्त नको असंल त्यांना. असतं ना तसं काही लोकांचं.’

आत्या, तुला ते ऐकवलं नसतं. तू, जिला लहानपणी विटाळ नको म्हणून पाणी वरून वाढलं होतं, तुझ्याबद्दल कोणी असं समजावं. मला त्याला घाईने काहीतरी सांगून टाकावंसं वाटलं, पण मी नीट सांगितलं. तुझा नियम सांगितला, आणि तो कशामुळे झाला तेही. कशेळ्याचा माणूस, परत पाठवलेला, आणि बाकावर बसून नुसती बघणारी आई. तारीख कळत नव्हती म्हणून त्याचं नाव खाली गेलं, दुसरं काही कारण नव्हतं, हे सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. बिस्किट चहात बुडवलेलं तसंच राहिलं आणि तुटून आत पडलं.

‘मंग त्यांचं बरोबर हाय,’ तो म्हणाला. ‘घाबरल्या असतील. पन एक फोन करून इचारायचं ना. मी सांगितली असती तारीक.’

‘हेच मला तिला सांगायचं होतं,’ मी म्हणाले.

त्याने बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे धरला. ‘मंग सांगा की.’

सांगितलं, आत्या.